लंगडीची पिल्लं

मार्गशीर्ष लागला की मांजरसुंब्याच्या घाटात पहाटेचं धुकं उतरतं ते नऊ वाजेपर्यंत हलत नाही. समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे आधी दिसतात, ट्रक मागाहून. ड्रायव्हर खाली उतरतात, भट्टीवर हात धरतात आणि मग चहा मागतात. आमच्या ढाब्याच्या पत्र्यावरून दवाचे थेंब बाजेवर पडत राहतात. कुटलेलं आलं, डिझेल, ओलं गोणपाट, असा एक वास त्या वेळी भरून असतो. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्या थंडीत मी त्या वासासाठी मुद्दाम मागच्या दारात जाऊन उभी राहायचे. आता मार्गशीर्षात मी मागचं दार लावून घेते.

कारण याच दिवसांत, उजाडायच्या सुमाराला, मागच्या डोंगरावरून एक आवाज येतो. सुरुवातीला तो लांडग्याचा असतो. लांब, हळूहळू वर चढणारा, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारा. पण वर पोचतो आणि तिथेच मोडतो. मग दोनतीनदा भुंकतो. बाजेवर बसलेलं एखादं गिऱ्हाईक सोबतच्याला म्हणतं, "लई कुत्री झालीत बे इकडं." मी कपबशा विसळत राहते. तो आवाज कुत्र्याचा नाही, हे मला माहीत आहे. तो लांडग्याचाही नाही. तो डोंगरावर कसा गेला तेही मला माहीत आहे, कारण तो माझ्याच दारातून गेला.

मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, बीडच्या कॉलेजात. ढाब्यावर हे कुणाला सांगायची वेळ येत नाही. पहिल्या वर्षाला एक प्रश्न हमखास यायचा, प्रजाती म्हणजे काय? उत्तर पाठ होतं. ज्यांच्या मिलनातून पुढे वाढू शकणारी संतती होते, ते प्राणी एका प्रजातीचे. घोडा आणि गाढवीण, नाहीतर गाढव आणि घोडी यांची पिल्लं होतात, पण त्या पिल्लांना पिल्लं होत नाहीत. म्हणून घोडा वेगळा, गाढव वेगळं. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं होतं, "मॅडम, मग कुत्रा आणि लांडगा?" मॅडमनी पुस्तकाचं पान उलटलं. "ते अपवाद आहेत. पेपरात लिहू नका." आम्ही लिहिलं नाही. मला चांगले मार्क पडले.

ढाबा चालायला लागला तेव्हा नवऱ्यानं गल्ल्याशेजारी काचेची पेटी मांडली. पुण्याहून येताना त्यानं दोन कासवं आणली होती. रुपयाएवढी, हिरवीगार, कानाशी लाल पट्टा. जेवायला थांबलेल्यांची पोरं काचेला नाक लावून उभी राहायची. तीनचार वर्षांत ती ताटलीएवढी झाली. पाणी रोज बदललं तरी वास मारायचं, आणि बदलायचं काम माझ्याकडे होतं. नवरा म्हणाला, "सोडून दे मागच्या तलावात. कासव पाण्यात सोडणं पुण्याचं काम हाय."

ती इथली नाहीत, समुद्रापलीकडच्या मुलखातली आहेत, दांडगी आहेत, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी माझी कंबर दुखत होती आणि पेटी घासायची बाकी होती. दोन्ही कासवं बादलीत घातली, डोंगराच्या पायथ्याशी पाझर तलाव आहे तिथे नेली आणि बादली आडवी केली. त्यांनी माना बाहेर काढल्या, थोडं थांबली आणि पाण्यात गेली. मला हलकं वाटलं. दुसरं काही वाटलं नाही.

तलावाच्या वरच्या माळावर धुळाआबांची मेंढरं असायची. सत्तरीचे धनगर, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. रोज सकाळी ते चहाला यायचे आणि मला 'माय' म्हणायचे. डोंगरावरच्या लांडगिणीची ओळख त्यांनीच करून दिली. रानडुकरांसाठी लावलेल्या फाशात तिचा पुढचा एक पंजा गेला होता, म्हणून आबा तिला लंगडी म्हणायचे. घरातल्या थोरल्या सुनेबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलायचे.

"वर्साला एक-दोन कोकरं नेती," ते सांगायचे. "ते तिचं हाय. देवानं मेंढरं दिली तवाच तिचा वाटा काढून ठिवलेला हाय. एक उचलती अन् जाती. दुसऱ्याला तोंड लावत न्हाई."

मीही तिला दोनदा पाहिलं होतं. वाळल्या गवताच्या रंगाची, उंच पायांची. आपण बघतोय हे कळायच्या आत ती गवत झालेली असायची.

मला आठवतो तो हंगाम तिच्या नराच्या मरणापासून सुरू झाला. दसऱ्याच्या आसपास तो हायवेवर गाडीखाली गेला. येणारेजाणारे गाड्या थांबवून फोटो काढत होते. आबा आले, त्यांनी कुणाशी न बोलता त्याला मागच्या पायांना धरून ओढत रस्त्याखाली नेलं आणि त्याच्यावर दगड रचले. मग महिनाभर ते मेंढरं घेऊन लांब लांब जात राहिले. परत आले तेव्हा चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाले, "पाटोद्यापतोर जाऊन आलो माय. दुसरा लांडगा न्हाई दिसला. आता थंडी पडंल अन् ही नर हुडकंल. कुठून आणावा?"

मी तेव्हा हसले होते. स्थळ शोधायला निघालेल्या बापासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

आमच्या मागे ओढा आहे. आमच्या ढाब्याचं, शेजारच्यांचं, सगळ्यांचं उरलंसुरलं त्या ओढ्यात पडायचं. कोंबड्यांची आतडी, कातडी, आंबलेला भात, रश्श्याचे तळ. त्यावर कुत्री जगायची. आधी आठदहा होती, मग मोजायचं सोडून दिलं. त्यातलाच भुऱ्या. आई गाडीखाली गेली तेव्हा तो मुठीएवढा होता. मी त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. तो मोठा झाला तसा ओढ्यातली बाकीची कुत्री त्याला वचकून असायची, पण मी हाक मारली की कान पाडून यायचा आणि माझ्या पावलांवर हनुवटी टेकवून बसायचा.

मार्गशीर्ष लागला आणि भुऱ्या सकाळी घरी दिसेना. दुपारी यायचा, पायांना कुसळं चिकटलेली, अंगाला रानातला अनोळखी वास. दोन दिवसांनी आबा आले ते बसलेच नाहीत.

"तुमच्या भुऱ्यानं सोयरीक जमवलीया," ते म्हणाले. "चल, दावतो."

आम्ही तलावाच्या बांधावर गेलो. समोरच्या डोंगराच्या सोंडेवर ऊन नुकतं आलं होतं. लंगडी पुढे चालत होती, भुऱ्या मागे. मध्येच ती थांबायची, मान वळवायची, आणि तो पुढचे पाय जमिनीला टेकून तिला खेळायला बोलवायचा. तीन पायांवर ती गोल फिरली. फार सुंदर दिसत होती दोघं. मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. एकटी होती बिचारी, तिला कुणीतरी मिळालं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा तो प्रश्न आठवला. मग कुत्रा आणि लांडगा?

त्याच दिवशी मी भुऱ्याला साखळीनं मागच्या दाराशी बांधलं. तो जेवेना. साखळी चावून त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दिवसभर एकसारखा ओरडायचा. गिऱ्हाइकं उठून जायला लागली. नवरा चिडून म्हणाला, "कावून बांधलंय त्याला? कुत्रंच हाय ना ते?" मी सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "डोंगरात काय व्हायचं ते होऊ दे. तुझं काय जातंय?"

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी महालक्ष्मीचा घट मांडून झाला होता. मी मागच्या दारात बसून विड्याची पानं पुसत होते. भुऱ्याचं ओरडणं एकदम थांबलं म्हणून मान वर केली. ओढ्याच्या पलीकडे, भर उन्हात, लंगडी उभी होती. एवढ्या जवळ, दिवसाढवळ्या, माणसांच्या वासात. तिच्या बरगड्या वरखाली होत होत्या. मी तिथे आहे याची तिला पर्वा नव्हती. ती फक्त साखळीकडे बघत होती. भुऱ्या जमिनीला पोट लावून बारीक आवाजात रडायला लागला.

मी उठले आणि साखळीचा आकडा काढला.

बाई म्हणून दया आली, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मला ते रडणं नको झालं होतं, जसा कासवांच्या पेटीचा वास नको झाला होता. आपल्याला नको झालेलं आपण दाराबाहेर सोडतो. पुढे ते कुठे जातं, काय करतं, ते आपण बघायला जात नाही.

पौषात मी वनखात्याला फोन केला. एक तरुण गार्ड मोटारसायकलवर आला. त्यानं नीट ऐकून घेतलं, डोंगरावर चढून आला, घाम पुसत बाजेवर बसला. "ताई, लांडगा आमच्याकडं," तो म्हणाला. "कुत्रा ग्रामपंचायतीकडं. ह्या दोघांची पिल्लं झाली तर ती कुणाकडं, ते मलाच म्हाईत न्हाई. असा रकानाच न्हाई. तरी लिहून वर पाठवतो." त्यानं माझ्यासमोर लिहिलं. त्याच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता. कुणाला काही सुचत नव्हतं, एवढंच.

चैत्रात पाझर तलाव आटायला लागतो. कडेचा चिखल वाळून त्याला भेगा पडतात, मधला काळा खडक उघडा होतो. पूर्वी त्या खडकावर आपली कासवं ऊन खात बसायची. काळी, पाठीवर तीन कणे असलेली, चाहूल लागली की डुबुक डुबुक उड्या मारणारी. मी बऱ्याच दिवसांनी तिकडे गेले, कारण आबांनी बोलावलं होतं. खडकावर कासवं होती. सहा. सहाही लाल पट्ट्याची. मी दोन सोडली होती. बाकीची आणखी कुणी आणून सोडली की तिथेच जन्मली, कळायला मार्ग नव्हता. एक काळं कासव पाण्यातून वर चढू बघत होतं. त्यातल्या मोठ्यानं त्याला अंगानं रेटलं आणि ते परत पाण्यात पडलं. पुन्हा चढलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा आलं नाही.

मी चपला काढल्या आणि सरळ तलावात शिरले. काय करणार होते कोण जाणे. सहा कासवं ओंजळीत धरून आणणार होते? पाचव्या पावलाला गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. खडकावरची कासवं निवांतपणे पाण्यात उतरली. आबांनी काठी पुढे केली आणि मला ओढून काढलं.

"हे बी मिसळलं का आपल्या कासवात?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आबा," मी म्हणाले. "ते मिसळत नाही. ते नुसती जागा घेतं."

आबांनी काठीचा चिखल गवताला पुसला. मी साडीचा चिखल पिळत होते. संपायच्या या दोन तऱ्हा माझ्यासमोर एकाच वेळी मांडल्या होत्या. एकीत आपली जागा दुसरा घेतो. दुसरीत आपण जागेवरच असतो, आपल्याच पोटी जन्म घेतो, आणि तरी आपण उरत नाही. कुठली जास्त वाईट, ते मला आजही ठरवता येत नाही.

"बघ," आबा हळूच म्हणाले.

पलीकडच्या काठाला लंगडी पाण्यावर आली होती, आणि तिच्या मागे चार पिल्लं. एकाचे पंजे पांढरे, एकाचा कान मोडून खाली पडलेला, एक काळपट, आणि चौथा माझा भुऱ्या. हुबेहूब तोच, लहान असतानाचा. आम्हाला बघताच लंगडी क्षणात गवतात गेली. पिल्लं गेली नाहीत. ती पाणी पीत राहिली, मग तोंड वर करून आमच्याकडे बघत बसली.

"हाड!" आबांनी काठी उगारली. "हाड!"

पिल्लांनी माना वाकड्या केल्या.

"सत्तर वर्सं झाली, म्या लांडग्याचं तोंड एवढा येळ बघितलेलं न्हाई," आबा म्हणाले. "लांडगा माणसाला भितो. म्हणून तर तो लांडगा हाय."

पुढचे दोन महिने पिल्लं आमच्या ओढ्यात दिसू लागली. कोंबड्यांच्या आतड्यांवर, कुत्र्यांच्या रांगेत. लंगडी तिथे कधी आली नाही. ती वर कड्यावर थांबायची आणि आवाज द्यायची. पिल्लं कान हलवायची आणि खात राहायची.

ज्येष्ठात, अजून पावसाचा पत्ता नव्हता, तेव्हा एका दुपारी आबांच्या वाघरीत, म्हणजे मेंढरांसाठी लावलेल्या जाळीच्या कुंपणात, चारही पिल्लं शिरली. आबांची म्हातारी पाणी आणायला गेली होती. आठदहा दिवसांची सात कोकरं त्यांनी मारली. खाल्लं एकही नाही. मारून इकडेतिकडे टाकली, त्यांच्याशी खेळली आणि म्हातारी परत येताना दिसली तशी निघून गेली.

आबा संध्याकाळी ढाब्यावर आले. मी चहा ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"माय, तू त्या इषयात शिकलीस," ते म्हणाले. "मला एक सांग. घोड्यागाढवाचं खेचर होतंया, पर खेचराला पुढं काय होत न्हाई. ह्यांचं बी तसंच हाय न्हवं? ही चार मेली की संपलं न्हवं?"

त्यांच्या आवाजात इतकी आशा होती. मी 'हो' म्हणायला हवं होतं. एवढा एकच शब्द. सात कोकरं गेलेल्या म्हाताऱ्याला मी तो देऊ शकले असते. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला माझ्या शिक्षणातलं काही विचारत होतं, आणि मी बरोबर उत्तर दिलं.

"न्हाई आबा. ह्यांना पिल्लं होतात. त्यांच्या पिल्लांनाबी होतात. असलेनसलेले लांडगे ह्यांच्यातच मिसळत जाणार."

"म्हंजी लांडगा संपला म्हण की."

 आबा उठले, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि गेले.

तिसऱ्या दिवशी उजाडताना त्यांनी मला बोलावणं पाठवलं नाही, स्वतःच आले. दारात उभे राहिले आणि नुसता हात केला. मी मागे मागे गेले. तलावाच्या वर, करवंदीच्या जाळीपाशी, लंगडी पडली होती. तोंडाला फेस, तीन पाय ताठ, आणि तो चौथा, पंजा नसलेला, पोटाशी घेतलेला. शेजारी एक मेलेलं कोकरू होतं, अर्धवट खाल्लेलं.

"म्या घातलं," आबा म्हणाले. "कापसावर फवारायचं औषध. पिल्लांसाठी घातलं, माय. ती चार गेली तर हिला पुढल्या वर्सी कुठूनबी नर आणला असता. चालत नगरच्या रानात गेलो असतो. पर त्यांनी त्वांड लावलं न्हाई. त्यांची पोटं तुमच्या ओढ्यावर भरलेली. हिचं रिकामं व्हतं." आणि मग ते खाली बसले. मोठा माणूस रडतो तसे नाही, लहान मूल दम लागून रडतं तसे रडले.

मी गार्डला फोन केला नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला त्यात अडकवायचं माझ्या हातून झालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या औषधाला माझाही हात लागलेला होता.

आबांनी त्याच महिन्यात मेंढरं विकली आणि दोघं नवराबायको उमापूरला लेकीकडे गेली. मागच्या दिवाळीत मी भेटून आले. कालव्याकाठचं गाव, चहूकडे ऊस. आबा ओसरीवर बसून होते. पाऊसपाणी, माझी कंबर, ढाबा, सगळं विचारलं. डोंगराचं नाव काढलं नाही. निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचललाच नाही. भुऱ्या अजून आमच्या दारात आहे. त्याचं तोंड पांढरं झालंय. त्याला मी अजून भाकरी घालते. त्याचा काय दोष? ओढ्यात टाकायचं मी आमच्यापुरतं बंद केलं, खड्डा करून पुरते. बाकीचे ढाबे टाकतातच. आमची एक टोपली थांबली म्हणून डोंगराला काही फरक पडला नाही.

पण त्या हंगामाचं मला खरं जे आठवतं, जे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, ते त्या सकाळचं आहे. आम्ही दोघांनी मिळून खड्डा खणला. जमीन कडक होती, टिकाव उडत होता. आबांनी स्वतःचं घोंगडं काढून लंगडीवर घातलं, आम्ही माती लोटली, वर दगड ठेवले. पाणी प्यायला म्हणून मी मागे वळले, तर दहाबारा हातांवर ती चारही पिल्लं येऊन बसली होती. कधी आली होती कोण जाणे. आता ती चांगली वाढली होती. आईचेच डोळे, आईचेच उंच पाय. ती आमच्याकडे बघत होती, अगदी निवांत.

आबांनी दगड उचलला. फेकायला हात मागे नेला. दगड त्यांच्याच पायाशी पडला.

"पळा!" ते ओरडले. "पळा रं! आमी माणसं हाओत! आमी माणसं हाओत!"

त्यातल्या एकानं कान पाडले आणि शेपूट हलवली.